सरकारी माती आणि दामूतात्या

दामूतात्या दुसऱ्याची वस्तू घरात ठेवत नाहीत. तुम्ही म्हणाल, त्यात काय विशेष, सज्जन माणूस दिसतो. पण सज्जनपणाचा इथे काही संबंध नाही. आमच्या शेवग्याचा पाला वाऱ्यानं उडून त्यांच्या अंगणात पडला की तात्या तो झाडून गोळा करतात, सुपात भरतात आणि आमच्या ओट्यावर आणून ओततात. "तुमचा शेवगा," एवढंच म्हणतात आणि चालू लागतात. पहिल्यांदा मी भांडलो. दुसऱ्यांदाही भांडलो. मग सुगंधानं, म्हणजे माझ्या बायकोनं, त्या पाल्यासाठी कोपऱ्यात एक टोपलीच ठेवून दिली.

एकदा आमच्या मांजरीनं त्यांच्या माळ्यावर पिलं घातली. डोळे न उघडलेली ती पिलं तात्यांनी फडक्यात घालून आमच्याकडे आणली आणि मागून ओरडत आलेल्या मांजरीला चांगलंच फैलावर घेतलं. लग्नाला गेले की दुसऱ्या दिवशी पत्रिका नवऱ्या मुलाच्या बापाला परत. "लगीन झाला ना? मग आता ही मी ठेवून काय करू?" वालाचं बिरडं घेऊन सुगंधा त्यांच्याकडे गेली की तिला दारातच उभं करतात. आत जाऊन बिरडं ताटलीत ओततात, वाटी घासतात, तिच्यात मूठभर सोडे, म्हणजे सुकवलेली कोलंबी, घालतात आणि तिथल्या तिथे हातात देतात. वाटी रात्रभर ठेवून घ्यावी, सकाळी निवांत द्यावी, असलं काही त्यांना जमत नाही.

"आपला नाय ते आपल्या दारात नको." हे त्यांचं पालुपद. सत्तरी उलटलेली, अंगात बंडी, खाली अर्धी चड्डी, खांद्यावर टॉवेल आणि पायात काही नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. एक मुलगी आहे, ती वरशाला दिली आहे, रोह्याला अगदी लागून. तात्या तिच्याकडे कधी सहज म्हणून जात नाहीत. सणासुदीला बोलावणं आलं तर जातात, जेवतात आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येतात. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "दिली ना रे, कंपनी. दिलेल्या वस्तूकडं सारका सारका जायचा नसतो."

मला ते 'कंपनी' म्हणतात, कारण मी रोह्याच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टला जातो. नाव माहीत असूनही कधी घेत नाहीत.

आता त्या मातीबद्दल सांगतो. ते सांगताना माझा आवाज चढेल, आत्ताच सांगून ठेवतो.

धरमतरच्या खाडीकाठी आमचं गाव. भरतीला खाडीचं पाणी आमच्या शेतांपेक्षा वर असतं आणि मधे असतो फक्त मातीचा बांध. त्याला खांड पडून भगदाड झालं की खारं पाणी शेतात शिरतं आणि मग कित्येक वर्षं भाताचं नाव घ्यायला नको. त्यामुळे आमच्याकडे माती कुणी नाकारत नाही. मुलगी बघायला आलेला पाहुणा आम्ही तोंडावर परत पाठवू, पण भरावाचा डंपर नाही. कुठली माती, कशाची माती, हे विचारायची पद्धतच नाही. आली की आधी ओतून घ्यायची.

तिकडे रोह्याकडे सरकारनं प्रवाशांसाठी एक मोठं संकुल बांधायला घेतलंय. बसगाड्या, रिक्षा, दुकानं, सगळं एका छपराखाली. फलकावरचं चित्र झकास आहे. त्यात हिरवीगार झाडं आहेत आणि गोरी गोरी माणसं चाकांच्या बॅगा ओढत चालली आहेत. आमच्याकडचा माणूस चित्रात एकही नाही, आमच्याकडे आली ती खालची माती. जागा एका जुन्या, कधीच बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्याची. खणल्यावर खाली काय लागलं ते त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. डंपर भरले आणि सोडले. जवळच्या गावांनी वास घेऊन नको म्हटलं, म्हणून ते गडबवरून पेणकडे आले आणि शेवटी आमच्या वेशीत शिरले.

आणि गावानं काय केलं? ओवाळायचंच काय ते बाकी ठेवलं. ड्रायव्हरांना चहा तात्यांनी पाजला. मोकळी जागा तात्यांनीच दाखवली. बांध आणि त्यांच्या घरामागचं तळं यांच्यामधला गावकीचा तुकडा. "हिकडं वत, अजून हिकडं," असं ओरडत ते अनवाणी त्या ढिगावर चढून हात करत होते. बांधाला कित्येक वर्षं पुरेल एवढी माती फुकटात आली म्हणून सगळे खूश. मी शिफ्टवरून आलो आणि वास नाकात शिरला.

तो वास मला पाठ आहे. आमच्या कंपनीत ह्या वासाच्या पिंपाला हात लावायचा तर हातमोजे लागतात, चष्मा लागतो, तोंडाला मुसकं लागतं. पिंप हलवायचं असलं तर दोन साहेब येऊन उभे राहतात. आणि इथे तोच वास उघड्यावर, घराएवढा ढीग करून, कोंबड्या त्यात उकरतायत! ढिगाच्या बुडाशी निळसर पाणी झिरपत होतं. मी तात्यांना ओढून खाली उतरवलं आणि पाय धुवायला लावले. आठवड्याभरात त्यांच्या तळव्यांची कातडी सोलवटून निघाली.

पण तात्यांचं पायांकडे लक्ष नव्हतं. ते तळ्याकडे बघत होते. ढीग आणि तळं यांच्यात हातभर अंतर आणि पुढे पावसाळा. ढिगावरचं पाणी दुसरीकडे कुठे जाणार? त्या तळ्यात तात्यांचे जिताडे आहेत, आमच्याकडचा सगळ्यात मानाचा मासा. खाडीतून बोटाएवढी पिलं धरून आणायची, पावसाच्या पाण्यावर वाढवायची आणि मुलीच्या घरचे येतील तेव्हा एखादा काढायचा. आमच्याकडे घराशी तळं असतं ते यासाठी. पण तात्यांचे जिताडे बाकीच्यांपेक्षा मोठे, कारण त्यांच्याकडे पाहुणे फारसे येत नाहीत.

"कंपनी," ते म्हणाले, "आपला नाय ना हे? मग परत देऊ."

दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर रोह्याच्या बसमध्ये तात्या चढले. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तोंड सुतळीनं करकचून बांधलेलं.

कंडक्टरनं नाकाला रुमाल लावला. "आजोबा, मेलंय काय पिशवीत?"

"सरकारचा माल हाय."

"कसला माल?"

"मना काय ठाऊक? ज्याचा हाय त्याला इचार. मी नुसता पोचवतोय."

संकुलाच्या कामाचं ऑफिस रोह्यात आहे. तात्यांनी पिशवी थेट साहेबांच्या टेबलावर ठेवली. मी शिफ्ट बुडवून दाराशी उभा होतो. साहेब तरुण, नीटनेटके, बोलायला गोड. त्यांनी पिशवीकडे पाहिलं, मग तात्यांकडे. "हे काय?"

"तुमची माती. चुकून आमच्याकडं आली. बाकीची बी आनतो, पन गाडीत एकदम मावत नाय."

साहेब हसले. त्यांना वाटलं म्हातारा गंमत करतोय. तात्या गंमत करत नव्हते. ते दर दोन-तीन दिवसांनी येऊ लागले. पिशवी ठेवायची, "तुमची माती" म्हणायचं आणि परतीची गाडी पकडायची. कंडक्टर लोकांनी त्यांची जागा ठरवून टाकली, मागच्या दाराशी, खिडकी उघडी. ऑफिसात पिशव्यांची रांग लागली. शिपायानं त्यातली एक कुंडीत रिकामी करून साहेबांच्या खिडकीतलं मनीप्लँट त्यात लावलं. ज्या झाडाला सावलीतही मरण येत नाही ते आठ दिवसांत काळं पडलं. शिपायानं कुंडी गुपचूप बाहेर नेऊन ठेवली आणि त्यानंतर तो पिशव्यांना काठीनं ढकलू लागला.

आणि पोचवून झाल्यावर तात्या काय करत? लेकीचं घर तिथून पायी जाण्याइतकं. ते स्टँडवर बसून शेंगदाणे खात आणि गाडीची वाट बघत.

सरकारला हलवायला म्हातारा, पिशवी आणि मेलेलं मनीप्लँट पुरत नाही. आम्ही गावकरी एकेका ऑफिसात जायला लागलो. एक खातं म्हणालं, माती आमची असली तरी टाकली ठेकेदारानं. ठेकेदार म्हणाला, मी सांगितलं तिथे टाकली. दुसरं खातं म्हणालं, जमिनीचं आम्ही बघतो, वासाचं नाही. वासाचं खातं म्हणालं, तो हवेचा वास आहे की मातीचा ते आधी ठरलं पाहिजे. मी तिथे टेबलावर हात आपटला. आमच्याबरोबर माझे सासरे आले होते, त्यांनी मला बाहेर नेऊन पाणी पाजलं. खरं सांगतो, त्या क्षणी समोर पाण्याऐवजी ढिगाखालचं ते निळं पाणी असतं तर मी ते त्या माणसाला पाजलं असतं. आजही त्याचा राग गेलेला नाही.

शेवटी एक पाहणी झाली. दोन गाड्या आल्या. साहेब लोक गाडीतून उतरले, ढिगापासून बऱ्याच अंतरावर उभे राहिले आणि त्यांनी रुमाल काढले. कुणीतरी डब्यात माती घेतली. ढिगाभोवती फीत बांधली. ढिगावर, अगदी माथ्यावर, पाटी रोवली: 'येथे माती टाकण्यास सक्त मनाई आहे.' तात्यांनी ती पाटी मला वाचायला लावली. मग विचारलं, "आनि टाकलेलीचा काय?" मी म्हटलं, त्याबद्दल पाटीवर काही नाही.

अहवाल आला, खाली सही संकुलाच्या ऑफिसातल्या साहेबांची. माती घातक नाही. घातक नाही म्हणून उचलायचं कारण नाही. बरं, मग आम्ही उचलतो, आमचे ट्रॅक्टर आहेत. तर तेही नाही! पंचनामा झालाय, चौकशी चालू आहे, माती आता पुरावा आहे. हात लावाल तर गुन्हा दाखल होईल. तात्या पिशवी घेऊन गेले तेव्हा तेच गोड बोलणारे साहेब म्हणाले, "आजोबा, तुम्ही हे आणताय ना, ही कायद्यानं चोरी होते."

घरात दुसऱ्याची काडी न ठेवणाऱ्या माणसाला हे ऐकावं लागलं. तात्यांनी पिशवी छातीशी धरली आणि तशीच परत आणली. बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, "काय आजोबा, आज माल घेतला नाय?" त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. अडलेलं काम असलं की साहेबाकडे जिताडा जातो. कायद्यात ती कुठेही लिहिलेली नाही, पण पेणपासून रोह्यापर्यंत कुठल्याही ऑफिसात विचारा. चांगला मोठा जिताडा ओल्या गोणपाटात गुंडाळून साहेबाच्या घरी पोचवायचा. साहेब आधी "कशाला, कशाला" म्हणतो आणि आतून बाई पातेलं घेऊन येते. गावातली जुनी माणसं तात्यांकडे आली. तळं तुमचं, जिताडे तुमचे, एक द्या, ढीग जाईल. तात्या दोन दिवस तळ्याच्या कडेवरून हलले नाहीत. तिसऱ्या दिवशी तळ्यात उतरले. कुठला काढला ते त्यांनाच ठाऊक, पण वर आले तेव्हा तोंड असं झालं होतं की आमच्यातला कुणी जवळ गेला नाही.

मी बरोबर गेलो. त्या गोड बोलणाऱ्या साहेबांचं घर रोह्यात. दार त्यांनीच उघडलं. गोणपाट सुटलं आणि साहेबांचे डोळे लकाकले. "अरे वा! हा तर..." ते पुढे वाकले. हात गोणपाटापर्यंत आला होता. मग त्यांनी विचारलं, "कुठल्या तळ्यातला हो?"

"आमच्याच. ढिगाजवलचा," तात्या म्हणाले.

साहेबांचा हात जागच्या जागी थांबला. मग त्यांनी तो मागे घेतला आणि सदऱ्याला पुसला. अजून लावलाही नव्हता, तरी पुसला.

"नको आजोबा. मला... डॉक्टरांनी मासे बंद केलेत."

आतून तळलेल्या बोंबलांचा वास येत होता.

मी काय काय बोललो ते सगळं इथे लिहिता येणार नाही. एवढं आठवतं की मी ओरडत होतो, "घातक नाय ना? लिवलायस ना कागदावर? मग खा! खा माझ्यासमोर!" शेजारची माणसं बाहेर आली. साहेबांनी दार लावून घेतलं. आमच्या जिल्ह्यात जिताडा परत करणारा साहेब मी तोवर पाहिला नव्हता. ज्या कागदावर त्यांनी सही केली होती त्याच्यावर त्यांचा स्वतःचा काडीचा विश्वास नव्हता, आणि त्याच कागदाच्या भरवशावर त्यांनी आम्हाला तिथे पोराबाळांसकट राहायला सांगितलं होतं.

तात्यांनी माझा दंड धरला. "चल. समाजला मना."

तो जिताडा त्यांनी विकला नाही, खाल्ला नाही, मांजरीलाही घातला नाही. परसात खड्डा करून पुरला.

पुढच्या अमावास्येच्या उधाणाला, भर दुपारी, खाडी बांधाला टेकली होती. कुदळीचे आवाज आले म्हणून मी आणि सुगंधा मागे गेलो. तात्या तळ्याची कड फोडत होते. तळ्यातून नाल्यापर्यंत चर खणून झाला होता आणि बांधातली उघाडी, म्हणजे पाणी आतबाहेर सोडायचं लाकडी दार, वर ओढून ठेवली होती. भरतीचं पाणी नाल्यातून आत आलं आणि तळ्याला मिळालं. आम्ही धावलो. मी ओरडलो, "तात्या, काय करताय!"

"पाऊस यायच्या आत जाऊ दे त्यांना. हितं मरतील."

पाण्याखाली एकेक लांब सावली चरापर्यंत यायची, थबकायची आणि मग एकदम पुढे सटकायची. तात्या कंबरभर पाण्यात उभे राहून बोलत होते. मला वाटलं आमच्याशी बोलतायत. "जा, जा. तुजी पाठ बरी झाली ना? आनि तू, हावरी, आधी खाली जा, जाली लावलीय तिकडं बोईरांच्या पोरांनी." सुगंधानं मला मागे ओढलं. तिला माहीत होतं, मला नव्हतं. काकी, म्हणजे तात्यांची बायको, गेल्यापासून रोज तिन्हीसांजेला तात्या तळ्याच्या कडेला बसून बोलतात. दिवसभरात काय झालं, बसमध्ये कोण भेटलं, लेकीच्या घराचं पत्र्याचं छप्पर स्टँडवरून कसं दिसतं, सगळं. बायका पाण्याला जाता-येता ऐकायच्या, पण कुणाला सांगायच्या नाहीत.

ओहोटी पूर्ण झाली तेव्हा तळ्यात गुडघाभर गढूळ पाणी उरलं होतं.

पाऊस आला आणि व्हायचं ते झालं. ढिगावरून निळे ओघळ आले, तळं भरलं आणि त्या पाण्यावर तेलासारखा तवंग धरला. मग, तात्यांचं नुकसान झालंय असं कुणीतरी वरपर्यंत पोचवल्यावर, पंचनाम्याला एक कारकून आला. छत्री धरून काठावर उभा राहिला.

"मासे किती मेले?"

"मेले नाय. मी सोडले."

"मेलेला एकही नाही?"

"एक मेला. तो तुमच्या साहेबांनी घेतला नाय म्हनून फुकट मेला."

कारकुनानं मान हलवली आणि लिहिलं: नुकसान निरंक. मी तो कागद वाचला. मला तो फाडायचा होता. तात्यांनी माझ्या हातून घेतला, नीट घडी घातली आणि कारकुनाला परत दिला.

त्याच दिवशी तिन्हीसांजेला ते आमच्या ओट्याशी आले. हातात सूप नव्हतं, वाटी नव्हती. थोडा वेळ पायरीपाशी उभे राहिले.

"कंपनी, हितं बसलो तर चालंल काय? जरा येळ."

मी काही बोलायच्या आत सुगंधानं गोणपाट पसरलं. तात्या बसले, आमच्याकडे पाठ करून, शेवग्याकडे तोंड करून. मग बोलायला लागले. कारकुनाची छत्री कशी मोडकी होती, बांधाला कुठे ओल आलीय, आज डाळ करपली. सगळं एका दमात, कुणाकडे न बघता. आम्ही दोघं ऐकत होतो. डाळ करपल्याचं ऐकून सुगंधाच्या तोंडून सहज गेलं, "तात्या, मंद आचेवर ठेवायची, आणि मला हाक मारायची होती की!"

तात्या दचकले. एकदम वळून त्यांनी तिच्याकडे पाहिलं, जणू तिथे कुणी असेल असं वाटलंच नव्हतं.

"बोल गो," ते म्हणाले. "अजून बोल. लय वरसांनी कुनी उलटून बोलला."